कण्याची दुखापत आणि दाराची पायरी

१९१७ सालची गोष्ट. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मनीच्या अप्पर सायलेशिया या कोळशाच्या खाणींच्या मुलखात क्योनिग्सह्युटे नावाचे गाव होते. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याला खोझूव म्हणतात. तिथल्या अपघात रुग्णालयात अठरा वर्षांचा एक मुलगा स्वयंसेवक म्हणून काम करीत होता. एके दिवशी एका तरण्याबांड खाणकामगाराला तिथे आणले गेले. त्याचा पाठीचा मणका मोडला होता आणि कमरेखालचे अंग निर्जीव झाले होते. मुलगा रोजच्या शिरस्त्याप्रमाणे त्याच्या टिपणांची वही करायला बसला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की एवढे कष्ट कशाला घेतोस, हा काही आठवड्यांचाच सोबती आहे. झालेही तसेच. पाच आठवड्यांत तो कामगार दगावला.

त्या मुलाचे नाव लुडविग गुटमान. पुढे तो डॉक्टर झाला, मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियांचा जाणकार झाला. पण तो कामगार त्याच्या मनातून कधी गेला नाही. आज पॅरालिंपिक स्पर्धा जगभर दाखवल्या जातात, अपंग व्यक्तींच्या शिक्षणाचे आणि नोकरीचे कायदे होतात. या साऱ्याची एक महत्त्वाची वाट त्या खाटेपासून निघते. म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू आणि एक साधा प्रश्न विचारू. तो कामगार कशाने मेला?

मरण नेमके कशाचे?

‘कणा मोडल्याने’ हे उत्तर पटकन सुचते, पण ते बरोबर नाही.

पाठीच्या कण्याच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि जाडी जेमतेम करंगळीएवढी असते. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे हुकूम आणि कातडीकडून मेंदूकडे येणाऱ्या बातम्या याच वाटेने जातात. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मज्जारज्जू एखाद्या ठिकाणी तुटला की त्या जागेच्या खालचा कारभार मेंदूच्या हातून निसटतो. दुखापत मानेत असेल तर हातापायांवर परिणाम होतो. पाठीच्या मधोमध असेल तर हात शाबूत राहतात आणि पाय जातात. पण हृदय, फुप्फुसे, पोट, मेंदू आपापले काम करीतच असतात. मग धडधाकट तरुण पाच आठवड्यांत का मरावा?

याचे उत्तर वर्गात सहज दाखवता येईल. मुलांना आपल्या तळहातावर अंगठ्याने जोरात दाबायला सांगा आणि मग अंगठा काढायला सांगा. दाबलेली जागा पांढरी पडलेली दिसेल आणि दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी होईल. कातडीतल्या केशवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब फार कमी, पाऱ्याच्या सुमारे ३० मिलिमीटर इतकाच असतो. बाहेरचा दाब त्याहून वाढला की तेथील रक्तपुरवठा थांबतो. आपण बाकावर बसतो किंवा गादीवर निजतो तेव्हा माकडहाड, खुबे, टाचा या जागी नेमके हेच होते. थोड्या वेळाने तिथे अवघडल्यासारखे वाटते आणि आपण नकळत कूस बदलतो. झोपेतसुद्धा बदलतो. मुलांची जी चुळबुळ आपण वर्गात दटावून थांबवतो, ती खरे तर कातडीने मागितलेला श्वास असतो.

मज्जारज्जू तुटलेल्या माणसाला अवघडल्याची बातमीच मिळत नाही आणि मिळाली तरी कूस बदलता येत नाही. काही तासांत कातडी मरायला लागते, मग तिच्याखालचे मांस. हाडापर्यंत पोचणाऱ्या जखमा होतात. दुसरीकडे मूत्राशय भरल्याचेही कळत नाही. लघवी साठून राहते, त्यात जंतू वाढतात आणि ते वर मूत्रपिंडांपर्यंत पोचतात. पाठीवरच्या जखमांतून आणि मूत्रमार्गातून रक्तात विष पसरते. पहिल्या महायुद्धात ज्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के माणसे दगावली, त्यांचे मुख्य कारण हे होते. म्हणजे माणसे मरत होती ती मूळ इजेने मरत नव्हती. त्या इजेपाठोपाठ येणाऱ्या, पण टाळता येण्यासारख्या गोष्टींनी मरत होती. ‘काही उपयोग नाही’ असे आधीच ठरल्यामुळे त्या गोष्टी टाळण्याचा प्रयत्न फारसा होत नव्हता.

मूळ इजा आणि मागून येणारी इजा यांतला हा फरक लक्षात ठेवावा. तो पुढे आपल्याला रुग्णालयाबाहेरही उपयोगी पडणार आहे.

दर दोन तासांनी

गुटमान यांचा जन्म १८९९ सालचा, घर ज्यूधर्मीय. ब्रेस्लाऊ शहरात ओटफ्रिट फ्योर्स्टर या नामवंत मज्जातज्ज्ञांच्या हाताखाली ते तयार झाले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गुटमान ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात गेले आणि पुढे त्याचे प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची घरेदारे आणि प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. त्या रात्री दाराशी येणाऱ्या प्रत्येक माणसाला दाखल करून घ्या, असा हुकूम गुटमान यांनी दिला. ६४ जण दाखल झाले. सकाळी पोलीस आले तेव्हा गुटमान यांनी एकेका खाटेपाशी उभे राहून एकेकाचा आजार वर्णन केला आणि त्यांपैकी ६० जणांना छळछावणीपासून वाचवले. १९३९ च्या मार्चमध्ये ते पत्नी आणि दोन मुलांसह इंग्लंडला पोचले.

१९४४ साली दोस्त राष्ट्रे युरोपच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याच्या तयारीत होती. कण्याला गोळ्या लागलेले सैनिक मोठ्या संख्येने येणार हे उघड होते. ब्रिटिश सरकारने लंडनच्या वायव्येला एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात त्यांच्यासाठी स्वतंत्र केंद्र काढायचे ठरवले आणि ते गुटमान यांच्याकडे सोपवले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी केंद्र सुरू झाले. खाटा होत्या २६.

त्या काळी अशा रुग्णांना प्लास्टरच्या साच्यात निजवण्याची पद्धत होती. गुटमान यांनी प्लास्टर काढून टाकले. प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, बदललीच पाहिजे असा नियम केला. रात्री-अपरात्री ते स्वतः वॉर्डात येऊन नियम पाळला जातो की नाही हे पाहत. लघवी काढण्यासाठी नळी घालताना हाताचा स्पर्श होऊ न देण्याची जंतुविरहित रीत त्यांनी कटाक्षाने पाळायला लावली. पेनिसिलिन याच सुमारास मिळू लागले होते, त्याचीही मदत झाली. अमेरिकेत बॉस्टन येथे डोनाल्ड मन्रो यांनी १९३६ पासून अशाच दिशेने काम सुरू केले होते. म्हणजे उपाय जादूचे नव्हते. परिचारिकेचे दोन हात, घड्याळ, स्वच्छता आणि हा माणूस जगणार आहे असा विश्वास एवढेच ते होते. रुग्ण जगू लागले.

आणि मग नवा प्रश्न उभा राहिला. जगले, पण आता करायचे काय?

धनुष्य आणि पाठीचा स्नायू

बावीस-पंचवीस वर्षांचा माणूस उरलेले आयुष्य छताकडे बघत काढणार असेल, तर त्याला वाचवून काय साधले? गुटमान यांनी वॉर्डाची दिनचर्याच बदलली. रुग्णांनी सकाळी उठायचे, कपडे करायचे आणि कामाला लागायचे. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन असे धडे सुरू झाले. काही रुग्णांना हे जाचाचे वाटे. गुटमान यांचा स्वभाव हुकमी होता आणि ते फारसे कोणाचे ऐकून घेत नसत. आपल्या रुग्णाने पुन्हा कर भरणारा नागरिक व्हावे, हे त्यांचे ध्येय ते उघडपणे सांगत.

खेळ या दिनचर्येत शिरला तो रुग्णांच्या करमणुकीतून. चाकांच्या खुर्चीत बसून काठ्यांनी चकती मारण्याचा, पोलोसारखा एक धसमुसळा खेळ सुरू झाला. त्यात इजा होऊ लागल्यावर त्याची जागा बास्केटबॉलसारख्या खेळाने घेतली. पण गुटमान यांचे खास लक्ष होते तिरंदाजीवर, आणि त्यामागे शरीरशास्त्राचे कारण होते.

आपल्या पाठीवर एक रुंद, पंख्यासारखा स्नायू असतो. त्याचे खालचे टोक कमरेच्या हाडाला आणि वरचे टोक दंडाच्या हाडाला जोडलेले असते. गंमत अशी की स्नायू पसरलेला असतो कमरेपर्यंत, पण त्याला हुकूम देणारे मज्जातंतू निघतात मानेतून. त्यामुळे छातीच्या पातळीवर मज्जारज्जू तुटला तरी हा स्नायू जिवंत राहतो. इजेच्या वरचा भाग आणि इजेखालचा लुळा भाग यांना जोडणारा तो जणू पूलच. धनुष्याची प्रत्यंचा ओढताना याच स्नायूला काम पडते. तो बळकट झाला की कमरेखाली संवेदना नसलेला माणूसही खुर्चीत तोल सावरून ताठ बसू शकतो. ताठ बसता आले की हात मोकळे होतात, आणि हात मोकळे झाले की लिहिता येते, यंत्र चालवता येते, स्वयंपाक करता येतो. धनुष्य असे थेट मेजापर्यंत आणि यंत्रापर्यंत नेऊन पोचवते.

तिरंदाजीचा आणखी एक गुण होता. धावण्याच्या शर्यतीत पाय लागतात, पण नेम धरायला लागतात हात, नजर आणि मन. त्यामुळे खुर्चीतला तिरंदाज उभ्या तिरंदाजाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खुर्चीत बसून इतर तिरंदाजांच्या रांगेतूनच बाण सोडले.

२९ जुलै १९४८ या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर तिरंदाजीचा सामना झाला. खेळाडू होते १६, त्यांत दोन स्त्रिया. पुढच्याच वर्षी गुटमान यांनी असे स्वप्न बोलून दाखवले की या स्पर्धांना एक दिवस ऑलिंपिकच्या तोडीचे स्थान मिळेल. १९५२ मध्ये नेदरलँड्सचा संघ आला आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाल्या. १९६० मध्ये त्या ऑलिंपिकपाठोपाठ रोम शहरात भरल्या; २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू आले. आज हीच पहिली पॅरालिंपिक मानली जाते.

रोममध्ये एक विसंगती मात्र सर्वांना दिसली. खेळाडूंच्या राहण्याच्या इमारतींना जिने होते. शेवटी इटलीच्या सैनिकांनी खुर्च्यांसकट खेळाडूंना उचलून वर-खाली नेले. मैदानावर पदक जिंकणारा माणूस स्वतःच्या खोलीत मात्र दुसऱ्याच्या खांद्यावरून जात होता.

एकाच वर्षाचे दोन कायदे

रुग्णालयाच्या भिंतीबाहेर काय चालले होते? योगायोग असा की ज्या १९४४ साली हे केंद्र सुरू झाले, त्याच साली ब्रिटनने दोन मोठे कायदे केले.

पहिला अपंगांच्या नोकरीचा. २० किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या प्रत्येक मालकाने ३ टक्के जागा नोंदणीकृत अपंग व्यक्तींना द्याव्यात असे त्यात म्हटले होते. पण कायदा मोडणाऱ्यांवर खटले क्वचितच भरले गेले. शिवाय दोन कामे खास अपंगांसाठी म्हणून राखून ठेवली गेली. एक उद्वाहन चालवण्याचे आणि दुसरे वाहनतळावर राखणदारीचे. म्हणजे दार उघडले, पण आत गेल्यावर बसायची जागा आधीच ठरलेली. १९९५ च्या भेदभावविरोधी कायद्याने पुढे ही टक्केवारी रद्द झाली आणि तिची जागा समान वागणुकीच्या हक्काने घेतली.

दुसरा कायदा शिक्षणाचा. अपंग मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी स्थानिक शिक्षण संस्थांवर आहे, हे त्यात मान्य झाले. पण मुलांचे निरनिराळे वर्ग पाडून बहुतेकांना वेगळ्या शाळांत धाडण्यात आले, आणि काही मुलांवर ‘शिकण्यास अपात्र’ असा शिक्का मारून त्यांना शिक्षण खात्याच्या कक्षेतूनच वगळले गेले. हा शिक्का कायद्यातून जायला १९७० साल उजाडले. १९७८ मध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने अहवाल दिला आणि मुलांना अपंगत्वाच्या नावाने ओळखण्याऐवजी शिकताना त्यांना कशाची गरज आहे यावरून विचार करावा असे सुचवले. डॉक्टरांच्या शब्दांकडून शिक्षकाच्या शब्दांकडे झालेली ही महत्त्वाची वाटचाल होती.

टोकियोत दिसलेला फरक

१९६० मध्ये युताका नाकामुरा हे जपानी अस्थिरोगतज्ज्ञ स्टोक मँडव्हिलला आले. क्यूशू बेटावरच्या बेप्पू गावातल्या रुग्णालयात ते काम करीत. मायदेशी परतल्यावर त्यांनी १९६१ मध्ये ओइता परगण्यात अपंगांच्या क्रीडास्पर्धा भरवल्या. तेव्हा टीकाही झाली. रुग्णांना विश्रांती द्यायची सोडून त्यांचे प्रदर्शन मांडता काय, असे त्यांना विचारण्यात आले.

१९६४ च्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये जपानचे ५३ खेळाडू उतरले. तिथे नाकामुरांना एक गोष्ट खटकली. परदेशी खेळाडू हसतखेळत वावरत, सामना संपल्यावर बाजारात हिंडायला जात. त्यांच्यापैकी बहुतेकांना नोकरी होती, संसार होता. जपानी खेळाडूंपैकी बहुतेक जण मात्र रुग्णालयातून किंवा आश्रमातून आलेले होते आणि स्पर्धा संपल्यावर तिथेच परत जाणार होते. नाकामुरांनी ताडले की पदकांतला फरक स्नायूंचा नसून जगण्याचा आहे. पाठीमागे पगार नसेल तर खेळ चार दिवसांची जत्रा ठरतो.

१९६५ मध्ये त्यांनी बेप्पूला ‘ताइयो नो इए’, म्हणजे ‘सूर्याचे घर’, ही संस्था काढली. ‘दान नको, संधी हवी’ हे तिचे ब्रीद. अपंग कामगारांनी बाजारात खपेल असा माल करावा आणि रास्त पगार घ्यावा ही कल्पना. ओम्रॉन कंपनीबरोबर १९७२ मध्ये भागीदारीत कारखाना निघाला. पुढे सोनी आणि होंडा या कंपन्याही आल्या. कामाची मेजे, कळा, हत्यारे माणसाच्या हालचालीला जुळतील अशी बदलण्यात आली. १९७६ मध्ये जपानने अपंगांसाठी नोकरीतील टक्केवारी सक्तीची केली आणि ती न पाळणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर आकारणी बसवली. खेळाच्या मैदानावर दिसलेली उणीव कारखान्यात भरून काढण्याचा हा प्रयत्न होता.

अडचण पायात की पायरीत?

आता मूळ इजा आणि मागून येणारी इजा या फरकाकडे परत येऊ.

व्हिक फिंकेलस्टाईन हा दक्षिण आफ्रिकेतला मुलगा. १९५४ मध्ये बांबूउडी मारताना त्याची मान मोडली. उपचारांसाठी त्याला स्टोक मँडव्हिलला आणण्यात आले. मायदेशी परतल्यावर तो वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीत उतरला, तुरुंगात गेला, त्याच्यावर निर्बंध लादले गेले आणि १९६८ मध्ये तो ब्रिटनला आला. तिथे पॉल हंट आणि इतर अपंग सहकाऱ्यांबरोबर त्याने एक संघटना उभी केली. १९७६ मध्ये या संघटनेने एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यातला विचार थोडक्यात असा: शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही दुसरी. पाय चालत नाहीत ही उणीव. पण इमारतीला फक्त जिनाच असणे, बसमध्ये चढता न येणे, शाळेने प्रवेश नाकारणे, मालकाने अर्ज न वाचताच बाजूला ठेवणे, यातून जे निर्माण होते ते अपंगत्व. आणि ते समाजाने घडवलेले असते.

वर्णभेदाच्या देशातून आलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन दिसावी यात नवल नाही. तिथे माणसाचा रंग कोणाला बाकावर बसण्यापासून अडवत नव्हता. अडवत होती ती बाकावरची पाटी.

गुटमान आणि फिंकेलस्टाईन यांच्या विचारांत अंतर आहे. गुटमान यांचे सारे लक्ष माणसाला जगाजोगे करण्यावर होते, तर फिंकेलस्टाईन जग माणसाजोगे करा म्हणत होता. तरीही दोघांच्या विचारांची रचना सारखीच आहे. मज्जारज्जू जोडता येत नाही, पण पाठीवरची जखम टाळता येते, हे गुटमान यांनी दाखवले. पाय चालवता येत नसतील, पण पायरीची उतरण करता येते, हे फिंकेलस्टाईनने सांगितले. दोन्हीकडे मूळ इजेपेक्षा मागून येणारी इजा माणसाला अधिक मारते, आणि दोन्हीकडे ती टाळणे आपल्या हातात असते.

पॅरालिंपिकचा इतिहासही याची साक्ष देतो. १९६८ मध्ये मेक्सिकोने या स्पर्धा घेण्यास नकार दिल्याने त्या तेल अवीवला गेल्या. १९७२ मध्ये म्युनिकऐवजी हायडेलबर्ग, १९८० मध्ये मॉस्कोऐवजी नेदरलँड्समधले आर्नेम. १९८८ च्या सोलपासून मात्र ऑलिंपिकचीच मैदाने वापरली जाऊ लागली. शब्दाचा अर्थही बदलला. आधी ‘पॅरा’ हे कमरेखालच्या लुळेपणाच्या इंग्रजी नावाचे पहिले अक्षर समजले जाई. आता ग्रीक भाषेतल्या ‘शेजारी, बरोबरीने’ या अर्थाने ते घेतले जाते. गुटमान यांचे १९८० मध्ये निधन झाले. हा बदल त्यांना पाहायला मिळाला नाही.

खडकी, इस्लामपूर, आटपाडी

ज्या १९१७ साली तो खाणकामगार दगावला, त्याच साली मुंबईत पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला आली. खडकीलाच १९७४ मध्ये कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले.

याच परंपरेतले नाव मुरलीकांत पेटकर. जन्म १९४४ चा, गाव सांगली जिल्ह्यातले पेठ इस्लामपूर. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि एक कण्यात अडकली. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरवले गेले आणि ते पोहू लागले. पाण्यात शरीराचा भार पाणी उचलते, त्यामुळे पाय साथ देत नसले तरी खांदे आणि दंड सारे काम करू शकतात. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर जलतरणात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. पुढे पुण्यात टेल्को कंपनीत त्यांनी नोकरी केली. उपचार, खेळ आणि रोजगार या तिन्ही पायऱ्या ते चढले. देशाने दखल घ्यायला मात्र उशीर केला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे पदकानंतर ५२ वर्षांहून अधिक काळाने.

२०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताने २९ पदके मिळवली. त्यांत गोळाफेकीचे रौप्यपदक होते सचिन खिलारी यांचे, तेही सांगली जिल्ह्यातल्याच आटपाडी तालुक्याचे.

कायदाही हळूहळू पुढे सरकला आहे. सर्वसाधारण शाळेत अपंग मुलांना सामावून घेण्याची केंद्र सरकारची योजना १९७४ ची. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के राखीव जागा आल्या, २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के झाल्या. २०१६ च्या कायद्यातले सोळावे कलम शिक्षकांनी जरूर वाचावे. सरकारी किंवा सरकारमान्य शाळांनी अपंग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि शिक्षणाबरोबरच खेळण्याची संधीही इतर मुलांच्या बरोबरीने द्यावी, असे त्यात म्हटले आहे. खेळ इथे बक्षीस किंवा करमणूक म्हणून आलेला नाही, प्रवेशाच्या वाक्यातच तो बसवला आहे.

दप्तरे सांभाळणारा मुलगा

आता आपल्या शाळेच्या मैदानाकडे पाहू. कवायतीच्या तासाला पायात कॅलिपर असलेल्या मुलाला आपण काय करायला सांगतो? बहुतेक ठिकाणी तो झाडाखाली बसतो आणि सगळ्यांची दप्तरे सांभाळतो. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, उलट त्याला त्रास होऊ नये हीच भावना असते. पण १९१७ च्या रुग्णालयातही दुष्टपणा नव्हता. तिथेही ‘याचा काही उपयोग नाही’ हे आधीच ठरलेले होते, इतकेच.

झाडाखाली बसलेल्या मुलाचे दुहेरी नुकसान होते. शरीराचे नुकसान आपल्याला आता समजते: न वापरलेला स्नायू झिजतो, तोल सुधारत नाही, एकाच जागी बसलेल्या अंगाला इजा होते. दुसरे नुकसान इतर मुलांच्या मनात होते. आठ-दहा वर्षे रोज ती पाहतात की हा खेळात नसतो. त्यांच्यातलाच एक जण पुढे मालक होतो, एक अभियंता होऊन इमारतीचे आराखडे काढतो, एक निवड समितीवर बसतो. नोकरीतली टक्केवारी कागदावर का राहते, याचे एक उत्तर शाळेच्या मैदानात सापडते.

करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्याला खर्च फार लागत नाही. क्रिकेटमध्ये एक जण फटका मारतो आणि दुसरा त्याच्यासाठी धावतो, हे मुलांना माहीत असतेच. बसून खेळायचा व्हॉलीबॉल, घुंगराचा चेंडू, खुर्चीतून गोळाफेक, कॅरम, बुद्धिबळ, नेमबाजीचे खेळ यांतले काहीही सर्वांना मिळून खेळता येते. नियम बदलायचे काम मुलांवर सोपवावे. ती ते मोठ्यांपेक्षा चांगले करतात. मात्र त्या मुलाला आधी विचारावे. त्याला कुठला खेळ आवडतो हे त्याच्याखेरीज कोणाला माहीत असणार?

विज्ञानाच्या तासाला एक प्रकल्पही घेता येईल. मुलांनी फूटपट्टी घेऊन आपल्या शाळेतली प्रत्येक पायरी मोजावी. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उतरणीचे सर्वसाधारण प्रमाण असे, की १ सेंटिमीटर उंचीला किमान १२ सेंटिमीटर लांबी हवी. १५ सेंटिमीटर उंच पायरीला १८० सेंटिमीटर लांबीची उतरण लागेल. मग प्रयोगशाळा, वाचनालय, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह, मैदान यांतल्या कुठल्या जागी चाकाची खुर्ची पोचते आणि कुठे नाही, याचा नकाशा काढावा. प्रमाण, उतार, क्षेत्रफळ हे सारे गणित त्यात येते. तयार झालेला नकाशा शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवावा आणि पहिली उतरण कोणत्या दाराला बांधायची हे त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.